मे महिन्यात लेकरं घेऊन निघताना

मे महिन्याच्या १८-१९ तारखेच्या सुमारास राहात्यात दुपारी साडेबाराला दोन-तीन मिनिटे कमी असताना सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात रोवलेल्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी नाहीशी होते. पुण्या-मुंबईत हा शून्य सावलीचा दिवस थोडा आधी येऊन जातो, कारण ती शहरे आणखी दक्षिणेला आहेत; राहाता साधारण पावणेवीस अंश अक्षांशावर आहे. मुलांना दाखवावी अशीच ही गंमत आहे, पण घराच्या अंगणात आणि दोन मिनिटांपुरती. कारण नेमक्या त्याच सुमाराला गावोगावच्या मांडवांत मंगलाष्टका चालू असतात आणि शेकडो लहान मुले भर उन्हात घराबाहेर असतात.

सुट्टीत मुलांना घेऊन एक दिवस बाहेर घालवायचा म्हटले, की बागा, किल्ले आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या याद्या समोर येतात. राहाता, शिर्डी, लोणी, बाभळेश्वर, पुणतांबा या पट्ट्यातल्या घरांचा एप्रिल-मे तसा नसतो. इथली मुले बाहेर पडतात ती मावशीच्या दिराच्या लग्नाला, मामाच्या गावच्या जत्रेला, शिर्डी-शिंगणापूरच्या दर्शनाला, नाहीतर मळ्यावर. तारीख आणि ठिकाण बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. आईबापांच्या हातात राहते ती वेळ: किती वाजता निघायचे, किती वाजता सावलीत यायचे आणि कधी परतायचे. पाच-सहा वर्षांखालचे मूल बरोबर असेल, तर आधी या तीन वेळा ठरवाव्यात आणि मगच गाडीत काय घ्यायचे त्याचा विचार करावा.

वेळ ठरवताना एक चूक सर्रास होते. बाराला ऊन सर्वांत कडक, म्हणून चार वाजले की धोका टळला असे धरून चालतात. ऊन दुपारी साडेबाराच्या आसपास सर्वांत तीव्र असते हे खरे, पण हवा सर्वांत जास्त तापते ती तीन-चारच्या दरम्यान. डांबर, फरशी, दगडी पायऱ्या आणि पत्रे तर दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता सहानंतरही सोडत राहतात. दोन-अडीच फूट उंचीचे मूल या तापलेल्या जमिनीच्या मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जवळ असते. मेच्या मध्यात इथे सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. म्हणजे सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, असे दोनच तुकडे लहान मुलांना बाहेर नेण्याजोगे उरतात. पूर्ण दिवसाची सहल हा बेतच मेमध्ये बाजूला ठेवावा. अर्धा दिवस नीट घालवलेला बरा. राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये सगळ्या शाळा सकाळी सातला भरवून सव्वाअकरा-पावणेबारापर्यंत सोडायला सांगितल्या, त्यामागे हेच गणित होते. शाळेला लावलेला नियम लग्नाला आणि देवदर्शनालाही लावायला हरकत नसावी.

लहान मुलांना उन्हाचा त्रास लवकर का होतो, हे समजले की पुढच्या गोष्टी आपोआप सुचतात. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. तहान लागली तरी खेळाच्या नादात ते पाणी मागत नाहीत, आणि तान्हे बाळ तर मागूच शकत नाही. त्यातून नगर जिल्ह्याचा उन्हाळा कोरडा. कोकणात घामाने कपडे चिकटतात, तेव्हा शरीरातून पाणी जातेय हे कळते. इथे घाम येता येताच सुकतो. मूल कोरडे दिसते, आणि तेवढ्यावरून ते ठीक आहे असे वाटते.

हवामान खाते मैदानी भागात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेले की उष्णतेची लाट मानते. पण लाट जाहीर झालेली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले. त्या भागात नोंदले गेलेले तापमान चाळीसच्याही खाली होते. उघडे मैदान, डोक्यावर छप्पर नाही, दमट हवा, तासन्‌तास एकाच जागी बसणे आणि गर्दीतून बाहेर पडायची अडचण, या सगळ्यांचा मिळून घात झाला. आकडा पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते मूल किती वेळ, कुठे आणि कसे बसणार आहे हे पाहणे.

आता लग्नाचे. बारा-पस्तीसचा मुहूर्त असला तरी प्रत्यक्षात एक वाजतो आणि लहान मुलाच्या तोंडात घास पडायला दोन-अडीच. मांडव कापडाचा असेल तर वारा तरी खेळतो. वर पत्रा असेल तर दुपारी तो तव्यासारखा तापून खाली उष्णता फेकतो. कूलर स्टेजजवळ असतात आणि आया-बाया मुलांना घेऊन मागच्या खुर्च्यांवर. मुलांच्या अंगावर जरीची शेरवानी, फेटा, नेटचा झगा, म्हणजे घामाला वाटच न ठेवणारे कपडे. एवढ्यात बँड सुरू होतो आणि नवरदेवाच्या घोड्यामागे सगळी पोरे डांबरावर नाचायला धावतात.

यातले बरेच बदलता येते, आणि त्याने कोणाचा मान कमी होत नाही. मुलांना घरून जेवू घालूनच निघावे. भरजरी कपडे पिशवीत न्यावेत, फोटोपुरते घालावेत आणि लगेच सैल सुती सदरा चढवावा. आईबापांपैकी एकाने मुहूर्ताला हजर राहावे, दुसऱ्याने मुलांना घेऊन मंगल कार्यालयाच्या खोलीत किंवा जवळच्या नातलगाच्या घरी थांबावे. अक्षता टाकायला सगळ्या घराने उन्हात उभे राहायलाच हवे असे नाही. मांडवाशेजारी कडुनिंब, चिंच किंवा वड असेल, तर पत्र्याच्या शेडपेक्षा तिथे बसणे केव्हाही चांगले. झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ होत असल्याने खालची हवा खरोखर थंड होते, पत्रा फक्त ऊन अडवतो. जेवणात दुपारपासून उघड्यावर असलेली बासुंदी आणि मठ्ठा मुलांना देऊ नये. दुधाचे पदार्थ या हवेत तासा-दोन तासांत बिघडतात, आणि उलट्या-जुलाब सुरू झाले की उन्हाळ्यात मूल फार लवकर कोरडे पडते. ज्या घरात लग्नाची तारीख अजून ठरायची आहे, त्यांनी गोरज मुहूर्ताचा विचार जरूर करावा. आलेल्या प्रत्येक लेकुरवाळीची त्यात सोय होते.

शिर्डीचे दर्शन ही दुसरी मोठी वर्दळ. राहात्याहून शिर्डी पाच-सहा किलोमीटरवर. त्यामुळे तालुक्यातल्या लोकांना एक सवलत आहे, जी लांबून आलेल्या भाविकांना नाही. दुपारच्या रांगेत उभे राहण्याची त्यांच्यावर सक्ती नाही. काकड आरतीनंतरची सकाळ, नाहीतर रात्री शेजारतीच्या आधीचा वेळ, दोन्ही मुलांना सोसणारे आहेत. गुरुवार, शनिवार-रविवार आणि रामनवमीचे दिवस टाळले तर आणखी बरे. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नव्या दर्शनरांग संकुलात वातानुकूलित प्रतीक्षागृहे आहेत, त्यामुळे आतली वाट पाहणे पूर्वीइतके जड जात नाही. त्रास होतो तो बाहेर, चपला काढल्यावर. दुपारी तापलेल्या फरशीवर मुलाचा नाजूक तळवा मोठ्यांच्या आधी पोळतो. त्यासाठी मोज्यांचा एक जोड खिशात असावा, किंवा तेवढे अंतर मुलाला कडेवर घ्यावे. फरशी किती तापली आहे हे पाहायला आपला तळहात पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला ठेववला नाही तर मुलालाही तिथे उतरवू नये. हीच परीक्षा घसरगुंडी, झोपाळ्याच्या साखळ्या आणि मोटारसायकलच्या सीटलाही लागू आहे.

दर्शनानंतर लेंडी बागेत थोडे बसता येते. साईबाबा राहात्याहून झेंडू, जाई, जुईची रोपे आणून शिर्डीत लावत आणि त्यांना स्वतः पाणी घालत, अशी हकीकत साईसच्चरितात आहे. राहात्याच्या मुलांना ही गोष्ट तिथे बसून सांगितली, तर अर्धा तास सावलीत सहज जातो. शिर्डीतल्या वॉटर पार्कला जायचे तर दार उघडताच आत शिरावे आणि भर दुपार व्हायच्या आत बाहेर निघावे. पाण्यात असतानाही मुलांना तहान लागते आणि अंग भाजते, हे ओल्या अंगामुळे कळत नाही. दर अर्ध्या तासाला बाहेर काढून पाणी पाजावे.

प्रवासाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बंद गाडीत मुलाला एकटे ठेवू नये, दहा मिनिटेसुद्धा नाही. ‘झोपलंय, राहू दे, आपण पटकन पाया पडून येऊ’ असे म्हणण्याचा मोह होतो. उन्हात उभ्या गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढते, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. बाहेर ४० असेल तर आत लवकरच पन्नास. झोपलेले मूल दाराची कडी उघडू शकत नाही.

दुचाकीवर मुलाला पुढे उभे करून नेण्याची पद्धत उन्हाळ्यात तर अगदीच वाईट. हवा अंगाच्या तापमानापेक्षा जास्त तापलेली असेल तेव्हा अंगावर येणारा वारा गारवा देत नाही, उलट तापवतो. पंख्याबाबतही जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर हाच इशारा देते. म्हणजे दुपारी चाळीसच्या वेगाने निघालेल्या मोटारसायकलवर पुढे उभे असलेले पोर सरळ झळा खात असते. शिवाय नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्टा आणि हेल्मेट लागते, आणि वेग ४० च्या आत ठेवावा लागतो, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. एसटीने नगरला जाणाऱ्यांसाठी एक साधी युक्ती आहे. सकाळी दक्षिणेकडे जाताना ऊन डाव्या खिडक्यांवर असते, आणि संध्याकाळी उत्तरेकडे परत येतानाही डावीकडेच. दोन्ही वेळा उजवी बाजू धरावी. नगर-मनमाड रस्त्यावर वाहतूक खोळंबली तर तास-दीड तास सहज जातो, म्हणून हिशोबापेक्षा दुप्पट पाणी बरोबर असावे.

उन्हाळ्यात या तालुक्यातल्या मुलांच्या जिवाला उन्हाइतकाच धोका पाण्याचा आहे, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. राहात्याची शेती गोदावरी आणि प्रवरेच्या पाटांवर वाढली. शिर्डीच्या दर्शनरांग संकुलाच्याच दिवशी, २६ ऑक्टोबर २०२३ ला, निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचेही लोकार्पण झाले आणि ज्या जिरायती गावांनी कधी पाट पाहिला नव्हता, तिथे कालवा आला. पाण्याची वाट पाहत पिढ्या गेलेल्या गावांसाठी तो आनंदच आहे, पण तिथल्या मुलांना वाहत्या पाण्याची ओळख नाही. आवर्तन सुटले की कालवा काठोकाठ वाहतो. वरून शांत दिसतो, आत ओढ असते, आणि काठ अस्तरीकरणाचे असतील तर ते निसरडे आणि उतरते. बाहेर पडायला पाय टेकत नाही.

शेततळे तर त्याहून फसवे. त्यातला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. मामाच्या मळ्यावर मुले सोडायची असतील, तर पहिल्या दिवशीच शेततळ्याला कुंपण आणि फाटक आहे का हे पाहावे. काठावर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर आणि हवा भरलेली ट्यूब असावी. नसेल तर ही सोय त्याच दिवशी करून घ्यावी. खर्च नगण्य आहे. गोदावरी-प्रवरेच्या पात्रातही उन्हाळ्यात गुडघाभर पाणी दिसते, पण वाळू उपशाने पडलेले खोल खड्डे त्याच पाण्याखाली असतात. पाण्याजवळ मुले असतील तोवर एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून फक्त त्यांच्याकडे पाहावे. हे काम दहा वर्षांच्या ताईवर सोपवू नये.

जायचे कुठे, हा प्रश्न त्यानंतर येतो. सकाळच्या चार तासांसाठी पुणतांबा उत्तम. गोदाकाठ, चांगदेवांची समाधी, आणि वाघावर बसून आलेल्या चांगदेवांची नि चालत्या भिंतीची गोष्ट. दौंड-मनमाड मार्गावरचे पुणतांबा स्टेशनही आहे. शिर्डीचा फाटा तिथूनच फुटतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला फलाटाच्या सावलीत बसून एखादी आगगाडी जाताना पाहणे कोणत्याही बागेइतके आवडते. नगरचे रणगाडा संग्रहालय मुलांना वेड लावणारे आहे, पण १९९४ मध्ये उभे राहिलेल्या या संग्रहालयातली बरीचशी अवजड वाहने उघड्यावर उभी आहेत आणि लोखंड दुपारी हात लावू देत नाही. ते हिवाळ्यासाठी राखावे. मेमध्ये जायचेच तर सकाळी उघडताक्षणी पोचावे आणि नंतरचा वेळ शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात छपराखाली घालवावा.

भंडारदऱ्याबद्दल मात्र गैरसमज आहे. राहात्याची उंची पाचशे मीटरच्या आसपास, भंडारदऱ्याची साडेसातशेच्या जवळ. एवढ्या फरकाने तापमान दीड-दोन अंशच उतरते. रंधा धबधबा आणि भरलेले धरण पाहायचे दिवस ऑगस्टचे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथले काजवे पाहायला जाणे हा वेगळा बेत आहे. तो रात्रीचा असल्याने उन्हाची चिंता नाही, मात्र शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यांवर गाड्या अडकतात. मधल्या वारी जाऊन मुक्काम करावा आणि मुलांना बॅटरीचा झोत झाडांवर न टाकायला आधीच शिकवावे.

खाण्या-पिण्याच्या बाबतीत आजीच्या स्वयंपाकघरात बहुतेक उत्तरे आहेत. ताक, पन्हे, लिंबू सरबत, काकडी, घरी कापलेले कलिंगड, दहीभात. रसवंतीचा रस द्यायचा तर बर्फाशिवाय, आणि समोर काढलेला. पाण्याच्या बाटलीला ओले सुती फडके गुंडाळले, तर या कोरड्या हवेत पाणी चांगले गार राहते. मुलाला दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्यावेत, मागण्याची वाट पाहू नये. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. जास्त वेळा अंगावर पाजणे पुरते, आणि त्यासाठी आईने स्वतः भरपूर पाणी प्यायला हवे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत जुनी आहे, तिला आधार नाही.

ओआरएसची दोन पाकिटे प्रत्येक पिशवीत असावीत. ती अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळतात. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे. अंदाजाने अर्धे पाकीट पेल्यात टाकले तर मिठाचे प्रमाण चुकते आणि मुलाला अपाय होतो. तयार पाणी २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात फळांच्या चवीची जी गोड पेये ओआरएस म्हणून विकली जात, त्यांच्या नावात तो शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच ते घ्यावे.

मुलींबाबत एक गोष्ट घरोघर घडते. वाटेत स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून आया स्वतः पाणी पीत नाहीत आणि मुलींनाही पिऊ देत नाहीत. संध्याकाळी मग लघवीला जळजळ होते आणि ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देतात. निघण्यापूर्वी वाटेतल्या थांबण्याच्या दोन जागा ठरवून ठेवाव्यात: ओळखीचे घर, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप. पंपावर शौचालय आणि पिण्याचे पाणी मागण्यात संकोच नको, ती सोय ठेवणे पंपचालकाचे कामच आहे.

बाहेर असताना मुलाकडे पाहत राहावे. खेळणारे मूल अचानक गप्प झाले, किरकिरू लागले, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ओठ सुकले, पाच-सहा तासांत लघवी नाही, तान्ह्याची टाळू आत गेली, तर कार्यक्रम तिथेच सोडून सावलीत यावे आणि ओआरएस चमच्या-चमच्याने पाजावे. अंग चटका बसण्याइतके गरम असेल आणि मूल गुंगीत असेल, बरळत असेल किंवा झटका आला असेल, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन लावावा. रुग्णवाहिकेची वाट पाहताना मुलाचे कपडे काढावेत, साध्या पाण्याने सगळे अंग भिजवावे आणि पुठ्ठा, पदर, जे हाताशी असेल त्याने वारा घालावा. तापाचे औषध इथे काम करत नाही, ते देण्यात वेळ घालवू नये. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. लोणीचे प्रवरा रुग्णालय आणि शिर्डीचे साईनाथ रुग्णालय तालुक्यातल्या बहुतेक गावांपासून फार लांब नाहीत, पण मुलाला वाचवणारी पहिली मिनिटे वाटेतच जातात. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत अंग भिजवणे आणि वारा घालणे थांबवू नये.